उभी चौकट, आडवी चौकट



कैलासवासी गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी छायाचित्रणाचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु एकच दृश्य कॅमेरा आडवा धरून आणि मग उभा धरून टिपणे, या साध्या कृतीत पाहण्याचा एक संस्कार आहे. आणि संस्कार हे तर शाळेचेच क्षेत्र.

पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ३६ मि.मी. लांब व २४ मि.मी. रुंद असते. ५० मि.मी.च्या भिंगातून लांब बाजूला सुमारे ४० अंशांचे, तर आखूड बाजूला २७ अंशांचे दृश्य मावते. कॅमेरा फिरवला की ही वाटणी उलटते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय मात्र आपल्यालाच घ्यावा लागतो.

आपल्या बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा घ्या. १८९० मध्ये तो पूर्ण झाला. आडव्या चौकटीत त्याचे दोन्ही बाजूंचे विस्तार, कमानी आणि छत्र्या दिसतात. मनोरा त्या मेळ्यातला एक होतो. त्याच जागेवरून उभी चौकट घेतली की मनोरा हिरवळीपासून आकाशापर्यंत एकटा उभा राहतो आणि बाजूचे विस्तार कापले जातात. मनोऱ्याचा माथा आडव्या चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरा वर कलवला, तर भिंती एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. उभ्या चौकटीत कॅमेरा समपातळीत ठेवूनही माथा बहुधा साधतो. दोन्ही चित्रे खरी, आणि दोन्ही अपुरी. या वास्तूचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा; १८८१ मध्ये ते निवर्तल्यावर काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेले. केवळ एकाचे नाव सांगणे, हीही एक उभी चौकटच.

आता बहुतेक शाळांच्या सभागृहांतील भिंती आठवा. संस्थापकांच्या तसबिरी उभ्या, वर्गांची वार्षिक छायाचित्रे आडवी. उभ्या तसबिरीखाली नाव कोरलेले असते. आडव्या चित्रात कडेला उभा असलेला शिपाई, मागच्या रांगेतले सहशिक्षक, खाली मांडी घालून बसलेली मुले यांची नावे मात्र बहुधा कोठेच नसतात. ती ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती गेली की चेहरे उरतील, माणसे उरणार नाहीत.

म्हणून माझी विनंती इतकीच, की प्रत्येकाने आपल्या घरचे वर्गाचे छायाचित्र काढावे, ओळखू येतील तेवढी नावे रांगेनुसार कागदावर लिहावीत आणि त्याची प्रत शाळेकडे द्यावी. आज भ्रमणध्वनीमुळे आपला हात आपोआप उभी चौकट धरतो. पुढच्या समारंभात तो क्षणभर आडवाही करावा. गुरुजींची तसबीर आपल्या जागी राहू द्या. तिच्या शेजारी त्यांच्या बरोबरीने राबलेल्या माणसांनाही नावानिशी जागा मिळो.