अंगणातलं तळं : एका घंगाळाएवढ्या पाण्याची काळजी



आजच्या कार्यक्रमाचा निधी मराठवाड्यातल्या एका शाळेत पावसाचं पाणी साठवणारी टाकी बांधण्यासाठी जाणार आहे. तेव्हा बोलायचं तर पाण्याविषयीच बोलावं, आणि तेही आपल्या हाताला लागणाऱ्या पाण्याविषयी, असं आम्ही ठरवलं. विषय आहे घराच्या बागेतलं, किंवा बाग नसेल तर गॅलरीतलं, छोटंसं तळं.

पाणी घराशी ठेवण्याची आपली परंपरा जुनीच आहे. परसातला आड, आंघोळीचं घंगाळ, दारातला रांजण, वाड्याच्या चौकातला हौद ही आपली घरगुती तळीच म्हणायची. विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक लाडाने 'मामा तलाव' म्हणतात, हे त्याचंच गावाएवढं मोठं रूप. इकडे आपण राहतो तो ह्योगो प्रांतही काही कमी नाही. शेतीसाठी खणलेली तळी, ज्यांना इथे 'तामेइके' म्हणतात, ती साऱ्या जपानमध्ये सर्वांत जास्त याच प्रांतात आहेत. या तळ्यांतलं पाणी ठराविक काळाने सोडून, गाळ काढून, तळ उन्हात वाळवण्याची पद्धत आहे. तिला 'काइबोरी' म्हणतात. महाराष्ट्रात २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तिच्यामागचा विचार हाच. तळं बांधलं की काम संपलं असं होत नाही. ते राखावं लागतं, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे.

कोबेच्या बाबतीत पाण्याचा विषय आणखी जवळचा आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या हानशिन-आवाजी भूकंपात ६,४३४ माणसं गेली. सुमारे सात हजार इमारती आगीत जळाल्या. जमिनीखालच्या नळवाहिन्या फुटल्या होत्या, त्यामुळे बंबांना पाणी मिळेना. नागाता भागात समुद्राचं पाणी लांबच लांब नळ्या जोडून आणावं लागलं. शाळांचे पोहण्याचे तलाव, ओढे, विहिरी, जिथे पाणी होतं तिथे माणसं बादल्या घेऊन गेली. प्यायचं पाणी टँकरने येत होतं, पण संडासात ओतायला, भांडी विसळायला पाणी कुठून आणायचं? पुढे शहराने खाजगी विहिरींची नोंद करून घेतली. आपत्तीच्या वेळी या विहिरी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी खुल्या राहतात.

ह्योगो वॉर्डातला मात्सुमोतो भाग त्या आगीत उद्ध्वस्त झाला. पुनर्रचनेच्या वेळी तिथल्या रहिवाशांनी रस्त्याच्या कडेने एक वाहता ओहोळ मागून घेतला. शुद्ध केलेलं सांडपाणी त्यातून वाहतं. एरवी मुलं त्याच्या काठी खेळतात, आणि वेळ आलीच तर आग विझवायला आणि वापरायला तेच पाणी हाताशी आहे. त्याची साफसफाई रहिवासी करतात. शोभेचं पाणी आणि उपयोगाचं पाणी अशी वाटणी करायची गरज नाही, हे त्या ओहोळाने दाखवून दिलं. आपल्यापैकी जे कोणी तिकडे गेले नसतील, त्यांनी एकदा अवश्य जाऊन यावं.

आता मुद्द्याचं. तळं कसं करायचं?

ज्यांना अंगण आहे त्यांनी खड्डा खणून जाड रबरी चादर अंथरावी. कडा सर्व बाजूंनी एका पातळीत हव्यात, नाहीतर पाणी एकीकडून सांडत राहतं आणि दुसरीकडे चादर उघडी पडते. एक काठ उतरता ठेवावा. पाण्यात पडलेला प्राणी चढून बाहेर येऊ शकतो, पाखरं पाणी प्यायला उतरतात. बहुतेकांना मात्र अंगण नाही, भाड्याची घरं आहेत. त्यांच्यासाठी इथे 'सुइरेनबाची' म्हणजे कुमुदिनीची मोठी कुंडी मिळते. चाळीस ते साठ लिटरची कुंडी पुरे. भरलेली कुंडी बरीच जड होते, तेव्हा गॅलरीत ठेवण्यापूर्वी घरमालकाला विचारावं आणि भिंतीच्या आतल्या बाजूला ठेवावी. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं, त्याशिवाय कुमुदिनी फुलत नाही. मात्र भर उन्हाळ्यात दुपारचं ऊन थेट नको. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. पानांनी निम्मं पाणी झाकलेलं असेल तर पाणी थंड राहतं आणि शेवाळही आटोक्यात राहतं.

नळाचं पाणी थेट माशांना चालत नाही, त्यात क्लोरीन असतं. उघड्या बादलीत एक-दोन दिवस उन्हात ठेवलं की ते उडून जातं. आणि पाणी भरलं की लगेच मासे सोडायचे नाहीत बरं का. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जीवाणू कुंडीतल्या मातीत आणि खड्यांवर हळूहळू वाढतात. त्यांना वेळ द्यायला हवा. आधी माती आणि रोपं, आठवडाभराने दोन-तीन मासे, मग महिन्याभराने हवे तर आणखी.

मासे कुठले? कोई दिसायला राजेशाही असले तरी त्यांना खोल तळं आणि गाळणयंत्र लागतं, छोट्या कुंडीत ठेवणं म्हणजे छळ. आपल्याला 'मेदाका' योग्य. बोटाच्या दोन पेरांएवढाही नाही, पण चिवट. १९९४ साली अंतराळयानातून गेलेल्या मेदाकांनी तिथेही अंडी घातली. हाच मासा १९९९ साली जपानच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला, कारण भातखाचरांचे मातीचे पाट जाऊन सिमेंटचे आले. दोन लिटर पाण्याला एक मासा असा हिशोब धरावा. थंडीत पाणी दहा अंशांखाली गेलं की खाणं बंद करावं, ते तळाशी स्वस्थ पडून राहतात.

काठाला वेखंड लावावं. हो, आपल्या बाळगुटीतलंच वेखंड! इथे त्याला 'शोबु' म्हणतात आणि ५ मे रोजी मुलांच्या सणाला आंघोळीच्या पाण्यात त्याची पानं घालतात. आजीच्या बटव्यातली वस्तू इथल्या न्हाणीघरात भेटते, तेव्हा परकं वाटणारं गाव थोडं आपलं होतं.

आता जबाबदारीच्या चार गोष्टी. पहिली, डास. मासे नसलेलं साचलेलं पाणी म्हणजे डासांचा पाळणा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. २०१४ साली तोक्योच्या योयोगी बागेपासून पसरलेल्या डेंग्यूने दीडशेवर माणसं आजारी पडली. आपल्याकडे मलेरिया खात्याचे लोक हौदात गप्पी मासे सोडतात, इथे ते काम मेदाका करतो. गावी जाताना कुंडी कोणाकडे तरी सोपवून जावी. दुसरी, लहान मुलं. रांगणाऱ्या मुलाला वीतभर पाणीही धोक्याचं असतं, म्हणून घरात लहान मूल असेल तर वर पक्की जाळी हवीच. वाहत्या पाण्याचाही भरवसा नाही. २८ जुलै २००८ रोजी नादा वॉर्डातल्या तोगा नदीला काही मिनिटांत पूर आला आणि पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. रोक्को डोंगरावरून उतरणाऱ्या इथल्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. डोंगराकडे ढग दिसले की काठावरून उठावं.

तिसरी, नको झालेले मासे, कासवं, रोपं नदीत किंवा उद्यानाच्या तळ्यात सोडू नयेत. मेदाकासारखाच दिसणारा गम्बुसिया मासा आणि पाण्यावर तरंगणारी गोंडाळ ही वनस्पती पाळायला इथे कायद्याने बंदी आहे. लाल कानाचं कासव पाळता येतं, पण जून २०२३ पासून ते मोकळं सोडणं गुन्हा आहे. विकत घेतलेले रंगीत मेदाकाही ओढ्यात सोडू नयेत, मूळ जातीत भेसळ होते. मुलांना हे समजावून सांगावं. 'सोडून देणं' म्हणजे दरवेळी पुण्य नव्हे.

चौथी, वादळ. तायफूनच्या पावसात कुंडी भरून वाहते आणि मासे वाहून जातात. कडेच्या थोडं खाली एक भोक पाडून त्यावर बारीक जाळी बसवावी. पंप लावला असेल तर तो काढून ठेवावा, आणि बाहेरची वीजजोडणी गळती झाल्यास आपोआप बंद होणारीच असावी.

इतकी उठाठेव एका कुंडीसाठी कशाला, असं कोणी विचारेल. आमचं उत्तर असं की रोज सकाळी पाण्याची पातळी बघणाऱ्या माणसाला पाणी कळायला लागतं. उन्हाळ्यात दिवसाला किती पाणी उडून जातं, एका सरीने किती भरतं, गढूळ का होतं, निवळतं कधी, हे पुस्तकातून कळत नाही. एरवी नळ सोडला की पाणी येतं, कुठून येतं याचा आपण विचार करत नाही. मराठवाड्यातल्या ज्या शाळेसाठी आपण आज जमलो आहोत, तिथल्या मुलांना पाणी कुठून येतं हे फार लवकर कळतं, कारण ते डोक्यावरून आणावं लागतं. शाळेच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत उतरलं, की निदान शाळेच्या वेळेत तरी त्यांच्या डोक्यावरची कळशी उतरेल.

आपण सढळ हाताने मदत केली आहे, करणारही आहात. देणगीबरोबर एक विनंती आहे. या वर्षी प्रत्येक घराने एक कुंडी पाणी राखावं. जागा नसेल तर आंघोळीनंतर टबातलं पाणी लगेच न सोडता दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावं, अडीअडचणीला असावं म्हणून इथले शेजारी तसं करतात. ज्यांना मेदाकाची पिल्लं आणि वेखंडाचे कंद हवे असतील, त्यांनी कार्यक्रमानंतर नाव नोंदवावं. आमच्या कुंड्यांतून ती देऊ, आणि त्याबदल्यात जे द्यावंसं वाटेल ते टाकीच्या निधीच्या पेटीत टाकावं.