माह्या पोराले सोनोग्राफी कायले?



जामच्या चौरस्त्यावर राहणाऱ्यांना अपघाताचं नवल नाही. नागपूरहून येणारा रस्ता इथं फुटतो; एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. रात्रंदिवस ट्रक. मागं आमच्या शेजारच्या पोराच्या गाडीला धक्का लागला. दवाखान्यात नेलं. वरून नुसतं खरचटलेलं. तरी एका तरुण डॉक्टरीणबाईनं त्याच्या पोटावर जेल लावून सोनोग्राफी सुरू केली. त्याची आई चिडलीच, "अवं बाई, माह्या पोराले सोनोग्राफी कायले? तो का पोटुशी हाय?"

आम्ही हसलो. पण तिचं तरी काय चुकलं? सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटातलं बाळ आठवतं, नाहीतर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी.

ती डॉक्टरीण तातडीच्या उपचारांचं, म्हणजे इमर्जन्सी मेडिसिनचं, शिक्षण घेत होती. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा हा अभ्यास. आपल्या देशात त्याला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. तिनं सांगितलं, बाहेर जखम नसली तरी आत यकृत किंवा प्लीहा फाटून रक्त साचू शकतं. ते ती चार जागी शोधते: हृदयाभोवती, उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंडाच्या मध्ये, डावीकडे प्लीहेजवळ आणि ओटीपोटात. ताजं रक्त पडद्यावर काळं दिसतं. काही मिनिटांचं काम.

हे शिकता कसं, मी विचारलंच. आधी एकमेकांच्या निरोगी पोटावर, ती म्हणाली. धड काय ते डोळ्यांत बसल्याशिवाय बिघडलेलं ओळखता येत नाही. मग रुग्णावर, वरिष्ठ डॉक्टर शेजारी उभे असताना. डाळीतला खडा आपल्याला दिसतो, घरच्या माणसाला दिसत नाही, तसंच हे.

त्या पोराच्या पोटात पहिल्यांदा काही दिसलं नाही. आई घरी न्यायला निघाली होती. डॉक्टरीणबाईनं थांबवलं, तासाभरानं पुन्हा पाहिलं, तेव्हा यकृतापाशी काळी रेघ होती. आणि आतड्याची इजा तर यात बरेचदा कळतच नाही. म्हणून 'मशीननं पाहिलं, चला घरी' ही घाई करू नका.

आता खास आपल्या कामाचं. पाळी चुकलेली, ओटीपोटात दुखतंय आणि बाई चक्कर येऊन पडली, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढून नळी फुटलेली असू शकते. कधी खांदाही दुखतो. अशा वेळी लघवीची तपासणी आणि हीच सोनोग्राफी. पिशवी रिकामी आणि पोटात रक्त दिसलं, की ऑपरेशनला उशीर चालत नाही. पण पाळीची तारीख आपण सासूसमोर सांगत नाही. 'माझं तर ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?' असंही म्हणतो. नसबंदीनंतरही, क्वचित का होईना, नळीत गर्भ राहू शकतो.

दवाखान्यात मुलं किती, पत्ता काय, असं विचारून अर्ज भरून घेतात. १९९४च्या कायद्यानं गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवावीच लागते. त्याला घाबरू नका.

लाज वाटत असेल तर सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगा. १०८ची गाडी आली, की त्यातल्या डॉक्टरला आधी हेच सांगा: शेवटची पाळी कधी आली होती.