शिकण्याचा तास हा कामाचाच तास



कामगार संघटनेच्या माणसांनी परिचारिकांच्या शिक्षणावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पण खोपोली-रसायनीच्या पट्ट्यात कामगारांबरोबर वावरताना या विषयाने आम्हालाच गाठले. यंत्रात सापडलेला हात बरा झाला की कामगार कामावर येतो. मधुमेह आणि रक्तदाब मात्र जन्माचे सोबती. डॉक्टर रोग्याला महिन्यातून पाच मिनिटे भेटतात. त्याला वर्षानुवर्षे सांभाळायचे काम परिचारिकेचे.

आमच्या एका सभासदाच्या पायाला बूट चावला. मधुमेहाने पावलाची जाणीव गेलेली; दुखले नाही, म्हणून त्याने दाखवले नाही. दर महिन्याला तो दवाखान्यात जात होता, रक्तातली साखर मोजली जात होती. पण मोजे काढ, असे वर्षभरात त्याला कुणी म्हटले नाही. शेवटी पाऊल कापावे लागले. आम्ही तावातावाने जाब विचारायला गेलो. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "दादा, आम्ही शिकलो त्याला 22 वर्षे झाली. तेव्हा हे कुणी शिकवले नाही आणि नंतर कुणी बोलावले नाही." आमचा राग तिथेच विरला.

श्रोतेहो, विद्या जागच्या जागी राहत नाही. इन्शुलिनचेच पाहा. एका मिलिलिटरमध्ये 40 एककांचे इन्शुलिन मिळते, तसे 100 एककांचेही मिळते, आणि दोहोंच्या सुया वेगळ्या असतात. 100 एककांचे औषध 40 च्या सुईत दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर रोग्याच्या अंगात 10 नव्हे, 25 एकके जातात. माणूस घाम फुटून बेशुद्ध पडतो. अशी चूक हातून होते ती आळसाने नव्हे, न शिकल्याने.

पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी केली, तेव्हा लढा शिक्षण मिळण्याचा होता. आजचा लढा शिकत राहण्याचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 150 तासांच्या निरंतर शिक्षणाचा दंडक घालून दिला. वर्षाला 30 तास. आठवड्याला पाऊण तासही नाही. मग अडते कुठे? ती शिकायला गेली तर तिच्या जागी उभे राहायला दुसरी कुणी नसते. म्हणून ती रात्रपाळी संपवून, हक्काची सुट्टी मोडून, पदरचे भाडे खर्चून जाते. हजेरीपटावर सही होते, प्रमाणपत्र मिळते. हाताला काय आले ते कुणी पाहत नाही.

आणि सगळे ज्ञान शहरातूनच येते असेही नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच तुटतात. जाणती सिस्टर दिवाळीआधीच विचारते, "कुठे जाणार? केव्हा येणार?" तेवढ्या दिवसांच्या गोळ्यांची तजवीज करते आणि औषधांची चिठ्ठी बांधून देते. हा धडा पुस्तकात मिळणार नाही. तो तिनेच नव्या मुलींना शिकवला पाहिजे, आणि तोही शिक्षणाच्या तासांत धरला पाहिजे.

यात आमचाही दोष आहे. पगार, बदली, रजा यांसाठी आम्ही मोर्चे काढले. शिक्षणाची मागणी आमच्या पत्रकात कधी आली नाही. शाळा लवकर सुटलेली आम्ही माणसे, पाळीनंतर दिव्याखाली वाचून शिकलो. आम्ही शिकलो तसेच सगळ्यांनी शिकावे, असा आमचा ताठा होता. तो चुकीचा होता. थकल्या डोळ्यांनी वाचताना आमचे चुकले तर फार तर भाषण फसे. तिचे चुकले तर माणूस जातो.

म्हणून आमचे मागणे तीन ओळींचे आहे. शिकण्याचा तास हा कामाचाच तास धरावा. त्या वेळी तिच्या जागी बदली परिचारिका द्यावी. आणि परीक्षा कागदावर न घेता रोग्याच्या खाटेशी घ्यावी: तिने पाऊल तपासून दाखवावे, सुई भरून दाखवावी.

या मागणीसाठी कामगारांनी परिचारिकांच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.