थंडी बाधते म्हणजे काय?



वसंत ऋतूत पंख्याखाली बसून थंडीवर बोलणे हा थोडा अवेळीचा उद्योग आहे. पण हिवाळ्यात हा विषय काढला, तर जो तो नाक पुशीत स्वतःचाच अनुभव सांगतो आणि व्याख्यान बाजूला राहते.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीला सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. मासळी गोठवून ठेवणाऱ्या एका शीतगृहातील कामगारांसाठी आम्ही गरम कोट व बूट मागितले होते. आत पारा उणे १८ अंशांवर. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "अहो, सर्दी जंतूंनी होते, थंडीने नव्हे. हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे." एवढ्या एका वाक्यावर कोट नाकारले गेले. तेव्हा हे वाक्य तपासणे आम्हांला भाग पडले.

ते बरेचसे खरे आहे. इंग्लंडात सॅलिस्बरी येथे १९४६ पासून १९९० पर्यंत पडशाच्या संशोधनाचे केंद्र चालले होते. तेथे स्वयंसेवकांना ओल्या अंगाने गार वाऱ्यात कुडकुडत उभे केले. नुसत्या गारठ्याने कोणाला पडसे आले नाही. त्याला विषाणूच लागतो. आपल्याकडेही असा घोटाळा जुनाच. हुडहुडी भरते आणि मग ताप चढतो, म्हणून थंडीने ताप आला असे आपण म्हणतो. वास्तविक हुडहुडी ही येऊ घातलेल्या तापाचीच पहिली पायरी. हिवतापाचे तर नावच हिवावरून पडले. तो डासामार्फत येतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत १८९७ साली दाखवले, तरी नाव काही बदलले नाही.

पण येथे थांबणे मालकाच्या सोयीचे आहे, आपल्या नव्हे.

लुई पाश्चर यांनी १८७८ साली कोंबड्यांवर एक प्रयोग मांडला. कोंबडीचे अंग माणसापेक्षा उष्ण, सुमारे ४२ अंश. तिला अँथ्रॅक्स सहसा होत नाही. पाश्चरनी जंतू टोचलेल्या कोंबडीला गार पाण्यात ठेवले आणि ती मेली. जंतू टोचले, पण गार पाणी दिले नाही, ती जगली. नुसते गार पाणी भोगले, तीही जगली. रोगजंतूंच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या माणसानेच हे दाखवले, याची आम्हांला मोठी मौज वाटते. जंतू तर हवाच. पण त्याला दार कोण उघडून देतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

माणसांचे पाहा. वेल्समधील कार्डिफ येथे १८० जणांपैकी ९० जणांनी २० मिनिटे गार पाण्यात पाय बुडवले. उरलेल्या ९० जणांनी रिकाम्या घमेल्यात पाय ठेवले. पुढील चार-पाच दिवसांत पहिल्यांतील १३ जणांनी पडशाची तक्रार केली, दुसऱ्यांतील ५ जणांनी. हा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. तक्रार ज्याने त्याने स्वतःच सांगितलेली, विषाणू तपासलेला नाही; म्हणून यावर मोठी इमारत बांधू नये. मात्र गारठ्यात नाकातील रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्ताबरोबर येणारा बचावही तेथे कमी पोचत असावा, अशी त्या संशोधकांची अटकळ आहे.

आणि आजार म्हणजे केवळ पडसे काय? गारठ्यात सर्वांगाच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला ओढ लागते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतील ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा हिशेब मांडला होता. शेकडा सुमारे ७.३ मृत्यूंचा संबंध थंडीशी लागला. उष्णतेशी लागला तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यातही कडाक्याच्या थंडीपेक्षा रोजच्या मध्यम गारठ्याचा वाटा मोठा निघाला. आपला देश त्या तेरांत नव्हता, हे सांगितले पाहिजे.

हे सारे कागद घेऊन आम्ही पुन्हा गेलो. कोट मिळाले, बुटांना आणखी वर्ष गेले. अंग शेकायला एक खोलीही मिळाली, पण तिला खिडकी नव्हती. दाटीवाटीने बंद खोलीत बसल्यावर एकाचे पडसे दहांना लागते, म्हणून खिडकीसाठी वेगळा अर्ज करावा लागला. तो मंजूर झाला.

शीतगृहाला निदान एक मालक असतो. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेच्या दवात फडात उतरणाऱ्या बायाबापड्यांचा कोट कोणाकडे मागायचा, कारखान्याकडे की मुकादमाकडे, यावर सध्या आमच्या कचेरीत वाद चालू आहे.