आमच्या पद्मिनीचे टायर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

पार्किंगमधली माझी प्रीमियर पद्मिनी सगळ्यांना माहीत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची बंद होऊन वीस वर्षं उलटली. टायरचं माप ५.२०-१४. नारायणगाव-मंचरला हे माप सांगितलं की दुकानातला पोरगा आधी माझ्याकडेच बघतो.

तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी नवेकोरे टायर मिळाले. नक्षी अख्खी, रबर चकचकीत. माळशेज उतरताना मागचा उजवा फुटला. गाडीत ही होती, नात होती. गाडी कठड्याच्या अलीकडे थांबली, एवढंच सांगतो.

घरी येऊन टायरच्या कडेचे चार आकडे वाचले. १४०९. म्हणजे २००९ सालचा चौदावा आठवडा! टायर वापरलेलाच नव्हता, पडून पडून म्हातारा झालेला.

आता आकडे वाचल्याशिवाय मी पाकीट काढत नाही. रेडियल बसवले, पण चारही. एका बाजूला नायलॉन, दुसरीकडे रेडियल, असं करू नका. वळणावर गाडी भलतीकडे ओढते. आणि जुन्या रिमवर ट्यूब हवीच.

जुन्या गाड्यांचंच हे नाही बरं का. वर्षातून दोनदा गावच्या जत्रेला निघणाऱ्या आपल्या गाड्यांची नक्षीही झिजत नाही, रबर मात्र वाळतं. परवा सहज पाहिलं, तीन गाड्यांचे टायर दहा वर्षांपुढचे आहेत. नावं घेत नाही. आकडे कधी आतल्या बाजूला असतात, म्हणून रविवारी सकाळी नऊला टॉर्च घेऊन खाली थांबतो. या.