अ‍ॅम्प्लिफायर घेताना ऐकायचं कोणाचं?

आज थेट एका मेसेजपासून सुरू करतो. सांगलीचा श्रोता आहे, नोकरीचं पहिलंच वर्ष. घरी वडिलांचे जुने ८ ओहमचे स्पीकर आहेत आणि त्याने ४०,००० रुपये साठवलेत. दुकानदार म्हणतोय, "हा अ‍ॅम्प घ्या, आवाज एकदम मोकळा होईल." ऑनलाइन लोक सांगतायत की आठ हजारांच्या छोट्या क्लास-डी अ‍ॅम्पचे आकडे त्याहून भारी आहेत. तो विचारतो, "दादा, खरं कोण बोलतंय?"

दोघंही अर्धंच बोलतायत. आधी आकडे घेऊ, कारण फसवाफसवी तिथेच जास्त होते.

खोक्यावरचं 'पीएमपीओ' पूर्ण विसरा. तो आकडा कसा मोजायचा याचं कुठलंही पक्कं माप नाही. मागची पट्टी वाचा. तिथे ४० वॉट लिहिलं असेल, तर सतत ४० वॉटपेक्षा जास्त बाहेर येणार नाही. भिंतीतून येते त्याहून जास्त वीज स्पीकरला कुठून मिळेल?

आता ते छोटे क्लास-डी अ‍ॅम्प. लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत टीपीए३११६ चिपचे बोर्ड मिळतात, त्यांच्यावर '५० + ५० वॉट' असं लिहिलेलं असतं. डेटाशीट उघडलीत की कळतं, ते ५० वॉट २१ व्होल्टवर, ४ ओहमला आणि १० टक्के डिस्टॉर्शन धरून आहेत. १० टक्के म्हणजे आवाज चक्क फाटलेला. सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर गणित सोपं आहे: १२ चा वर्ग १४४, भागिले ८ ओहमची दुप्पट, म्हणजे १६. उत्तर ९ वॉट, तेही आदर्श परिस्थितीत. तोच बोर्ड २४ व्होल्टवर चालवलात तर ३६. चिप तीच, फरक अडॅप्टरचा.

९ वॉट कमी आहेत का? हॉलमध्ये गप्पा मारत गाणी ऐकताना सरासरी पाव-अर्धा वॉटसुद्धा पुरतो. पण तबल्याचा 'धा' पडतो तेव्हा त्या क्षणाला सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट पॉवर. पाव वॉटचे झाले २५. ९ वॉटचा अ‍ॅम्प तिथे क्लिप होतो आणि आपण म्हणतो, "याचा आवाज चपटा आहे." कान खोटं बोलत नाहीये, आपण कारण चुकीचं लावतोय.

दुसरा लाडका आकडा सिनॅड. ८० डेसिबल म्हणजे कचरा ०.०१ टक्के, १०० म्हणजे ०.००१ टक्के. बासमध्ये स्पीकर स्वतःच अर्धा-एक टक्का डिस्टॉर्शन सहज घालतो. त्यामुळे ९५ विरुद्ध ११० वर भांडणं म्हणजे आमच्या ऑफिसात दोन मिलिसेकंद वाचवायला आठवडा घालवतात, तसलं काम. माझ्या मते ८० च्या वर गेलात की हा कॉलम बघणं सोडा.

जो कॉलम कोणी बघत नाही तो बघा: आउटपुट इम्पीडन्स. ८ ओहमचा स्पीकर सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. कुठे ४, कुठे २० असतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पीडन्स २ ओहम असेल, जसा बऱ्याच व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा असतो, तर त्या दोन जागांमध्ये जवळजवळ पावणेतीन डेसिबलचा फरक पडतो. हा कोणालाही ऐकू येतो. ०.१ ओहम असेल तर फरक ०.२ डेसिबलच्याही आत.

यावर एक भन्नाट किस्सा आहे. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर नावाच्या इंजिनिअरने 'स्टीरिओफाइल' मासिकाला सांगितलं, तुम्ही निवडाल त्या अ‍ॅम्पसारखा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधून काढून दाखवतो. त्यांनी महागडा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दिला. कार्व्हरने दोन्हींच्या आउटपुटची वजाबाकी केली, आपल्या भाषेत सरळ 'डिफ' काढला, आणि उरलेला फरक जवळपास शून्यावर येईपर्यंत स्वतःचा अ‍ॅम्प बदलत राहिला. शेवटी संपादकांना दोघांतला फरक सांगता आला नाही. म्हणजे त्यांच्या कानांना जे 'खास' वाटत होतं, ते मोजता येत होतं. फक्त एका आकड्यात मावत नव्हतं.

तर सांगलीकर मित्रा, दुकानात ऐकच, पण अटी तुझ्या. फोनवर १०० हर्ट्झचा सूर लाव आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर एसीवर ठेव. एका अ‍ॅम्पला २.०० व्होल्ट असतील तर दुसऱ्यालाही १.९८ ते २.०२ मध्ये आण. हे करू दिलं नाही तर तुलना सोडून दे, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच 'चांगला' वाटतो. मग मित्राला नाणं उडवून अ‍ॅम्प निवडायला सांग, तू पाठ कर. दहापैकी नऊ वेळा ओळखलंस तर फरक खरा धर. नुसत्या नशिबाने तेवढं जमण्याची शक्यता साधारण एक टक्का असते. पाच-सहाच बरोबर आले तर खिशात हात घालू नकोस.

माझं मत विचारशील तर ८ ओहमला खरे ३०-४० वॉट देणारा, शांत, आउटपुट इम्पीडन्स कमी असलेला कुठलाही अ‍ॅम्प तुला पुरेल. सुरू करताना 'ठप' आवाज येतो का आणि दुरुस्ती गावात होते का, हेही विचार. त्याआधी घरी जाऊन स्पीकरची जाळी काढ. कोनच्या कडेचा फोम बोटाने भुगा होत असेल, तर पहिला खर्च तिथे कर. त्या फाटक्या फोमवर कुठलाही अ‍ॅम्प मोकळा वाजणार नाही.

हो, एक राहिलं. दोन अ‍ॅम्पमध्ये स्विच लावणार असशील तर लाल आणि काळी, दोन्ही वायरी तोडणारा स्विच घे. बऱ्याच क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये काळं टोक म्हणजे अर्थ नसतं. दोन्ही काळी एकत्र जोडलीस तर अ‍ॅम्प जळू शकतो. निकाल काय लागला ते व्हॉइस नोटवर पाठव, पुढच्या भागात वाजवू.