मल्ल आणि चिंपांझी

कसलेला मल्ल चिंपांझीला चीत करू शकेल काय? चिंपांझी माणसाच्या पाचपट बलवान, ही समजूत विसाव्या शतकात रूढ झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र समान आकाराचा त्याचा स्नायू आपल्यापेक्षा सुमारे १.३५ पटच सामर्थ्यवान ठरला. त्यात शीघ्र आकुंचन पावणारे तंतू सुमारे दोन-तृतीयांश असतात; आपल्यात संथ, उशिरा थकणारे तंतू अधिक. तरीही झुंजीत मल्लाचा निभाव लागणे कठीण. चिंपांझी कुस्तीचे नियम पाळत नाही, तो सुळ्यांनी लचके तोडतो. आपले बळ दंडात नव्हे, दमात आणि हत्यारात आहे. त्याच कुऱ्हाडीने व बंदुकीने आपण अरण्यातली झुंज जिंकत आलो. हा आपला आप्त आज संकटग्रस्त आहे. त्याला हरवण्यात कसला पराक्रम? त्याला राखण्यातच तो आहे.